एका डोसाले नऊ स्क्रीन

२ जून
जळगाव जामोदच्या पुढे, वहिनीच्या उपकेंद्रात. ती तिथं नर्स. आमचं 'लसनोंद' ती कसं वापरते ते पाहत बसली. तीन वर्षं झाली या सॉफ्टवेअरचा कोड फुकट लिहून राह्यली, वापरताना कधी पाह्यलं नव्हतं. शरम.
एका बाळाच्या एका डोसाले नऊ स्क्रीन. सातवीवर प्रश्न: लशीचा डबा कोणत्या बनावटीचा? वहिनी न पाहताच 'इतर' दाबते.
"हे काऊन इचारते वो?"
तो प्रश्न मीच टाकलेला.
तेवढ्यात ऊन चढलं म्हणून एक बाई बाळाले तसंच घेऊन उठून गेली.

५ जून
नऊच्या दोन केल्या. पहिला घाव माह्या प्रश्नावर. बदल पाठवला.

९ जून
केदारचं उत्तर. पुण्यात असतो, प्रकल्पाचा मुख्य. त्यानं हो म्हटल्याशिवाय काही आत जात नाही. "कोणीतरी वापरत असेल." कोण? एक नाव सांग. नाही सांगत.
चहा कडू लागला दिवसभर.

१४ जून
ऑनलाइन मीटिंग, दीड तास. रागात तोंडून "काऊन ठेवायचं?" निघालं. माह्या वऱ्हाडीले कोणीतरी हसलं.
केदार : "सोपं करायचं म्हणजे लोकांची मेहनत पुसायची."
लोकांची! नऊमधल्या पाच त्याच्या स्वतःच्या.
ठरलं काय, तर नऊही राहणार. सोपी पद्धत हवी असंल त्यानं ती निवडायची, त्यासाठी आधी एक नवी स्क्रीन. म्हणजे दहा.

१५ जून
कोड सगळ्यांसाठी खुला हाये ना? मंग वेगळी प्रत काढली. दोन स्क्रीनवाली. वहिनीच्या टॅबवर टाकून दिली.

१९ जून
लसीकरणाचा दिवस. वहिनीचा फोन : "बारालेच मोकळी झाली मी! एकही बाई परत नाई गेली." आवाजात हसू. किती दिवसांनी.

२१ जून
केदारचा मेल. माह्या प्रतीतल्या नोंदी जिल्ह्याच्या यादीत घेणार नाही, 'धोरण' म्हणे. ती यादी 'लसनोंद'मधूनच बनते. परवाची सगळी बाळं यादीत लस न घेतलेली. सोमवारी तालुक्याचे साहेब तपासणीले.
वहिनीले सांगितलं, मंग इचारलं,
"जुनं परत टाकू काय?"
"नको टाकू," वहिनी म्हणे, "पण साहेबाले काय सांगू म्या?"
नोंदी जोडायची परवानगी केदारले मागितली. त्याच्यासाठी एका बटणाचं काम. तीनदा लिहिलं. वाचल्याची खूण दिसते.
सोमवारची सुटी टाकली. नांदुऱ्याहून पहिल्या बसनं जाईन. वहिनीच्या बाजूले उभी राहीन, बस. बोलायचं काय ते बसमध्ये ठरवीन.