दादाच्या हातचं पाणी

दादा,

पलटणीत जातीपायी तुह्या हातचं पाणी कोणी पीत नव्हतं, हे तू सुट्टीवर आल्यावर फक्त मले सांगतलं. तक्रार कर म्हटलं, तर म्हणाला, "कोणाले सांगू? त्यायच्यासोबतच तर राहाचं आहे." दुसऱ्या दिवशी तू सिहोऱ्याच्या तलावात सापडला.

आता मी पण फौजेत आहो. काल मेसमध्ये एकीनं माह्या हातचा जग बाजूले सारला. मी उभी झाली अन् आमच्या अधिकारी मॅडमले सांगतलं, "मॅडम, हिनं माही जात विचारली, मंग जग सारला." मॅडम त्याच जगातलं पाणी सगळ्यायसमोर प्यायल्या. त्या पोरीवर चौकशी बसली.

आज परेडले माह्या मागं तुहे बूट वाजत होते. वळून पाहता येत नाही तिथं. मी एक पाऊल हळू टाकलं, दादा, तुले गाठता यावं म्हणून.

तुही,
रंजिता