तेल जिरवा म्हणे!

ता. ३ मार्च

चि. सौ. भावजयबाईंस,
अ. उ. आ. वि. वि. आशीर्वाद रीतीपुरता आहे, मनात राग आहे. आई माझ्याकडे येऊन दोन महिने होतात न होतात, तोच तुम्ही तिच्या बिडाच्या तव्याचं वाटोळं केलंत. भाऊ परवा येऊन हसत हसत सांगून गेला, की तवा गॅलरीत कुंडीखाली पडलाय आणि गंजून लाल झालाय. त्याला हसू येणारच, त्याने अक्कल तुमच्याकडे गहाण टाकली आहे.

गंज खरवडा, तवा धुवा, आचेवर कोरडा करा, मग तेल जिरवा आणि माझ्याकडे पाठवून द्या. आईला स्वतःच्या तव्याशिवाय चैन पडत नाही.

लोभ आहे तेवढाच राहू द्या, वाढवू नका.
तुमची नणंद

ता. १२ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि. हुकमाप्रमाणे तारेच्या घासणीने गंज काढला. बोटांची सालं निघाली, ती सोबत पाठवत नाही. मग तेल जिरवायला घेतलं. वाटीभर तेल तव्यात ओतून मुरत ठेवलं आणि नंतर गॅस लावला. घरभर धूर, शेजारी दार ठोठावायला हजर, आणि तव्यावर डिंकासारखा चिकट थर! तेल काही जिरलं नाही, माझी मात्र तुम्ही छान जिरवलीत. थेंबभर तेल चोळून लगेच पुसून घ्यायचं असतं, हे लिहायला शाई संपली होती का?

ते माझं मलाच शोधावं लागलं. सगळा थर पुन्हा खरवडला. तेलाचं बोट फिरवायचं, पुसायचं, तापवायचं, निवू द्यायचं, असं करतच राहिले. आता तवा काळाभोर झालाय आणि अंडं त्यावरून नुसतं घसरतं. म्हणूनच तो पाठवणार नाही. सासूबाईंना हवा असेल तर त्यांनी इथे, आपल्या घरी यावं. तुमच्याकडे सकाळचा सगळा स्वयंपाक त्याच करतात असं कळलं. तुमच्या ऑफिसची चांगली सोय झाली.

राग असू द्यावा, त्याची सवय झाली आहे.
तुमची भावजय

ता. १७ मार्च

भावजयबाई,
मायना घालत नाही. आई स्वयंपाक करते ती हौसेने. तुम्ही काय तिला गादीवर बसवून ठेवलं होतं? तिथे सगळ्यांचे डबे कोण भरत होतं, हेही भाऊ बोलून गेलाय. तवा माझ्या आईचा आणि आई माझी. रविवारी मी स्वतः घ्यायला येते. दार उघडलं नाहीत तर जिन्यात बसून सगळ्या बिल्डिंगला ऐकवीन.
नणंद

ता. २१ मार्च

चि. दोघींस,
अ. उ. आ. एकच मजकूर दोन कागदांवर लिहिते आहे, नाहीतर कुणाला जास्त लिहिलं यावरून पुन्हा जुंपायची.

तो तवा माझा नव्हे, माझ्या सासूबाईंचा. लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि शेवटपर्यंत परत घेतला नाही. उचलताना दर वेळी मी मनातल्या मनात शिव्या घातल्या. गंजला म्हणून कळलं तेव्हा खोलीत एकटीच हसले. सूनबाई, तू तो फार चांगला केलास, म्हणून तुझ्यावर राग जरा जास्त आहे.

तुमची सगळी पत्रं वाचली; तिकडची चिरंजीवांनी आणून दाखवली, इथलं टेबलावरच पडलं होतं. तव्याची विचारपूस पानभर आहे. इथे येण्याआधीच माझं मनगट मोडलं होतं आणि अजून सुजलेलं आहे, त्याबद्दल कुणाची एक ओळ नाही.

उद्यापासून मी माझ्या मैत्रिणीकडे, नर्सबाईंकडे राहायला जाते. ती एकटी असते, ब्रेड-अंडी खाते आणि मला गॅसजवळ फिरकू देत नाही. न्यायला येऊ नका.

लोभ तव्यावर आहेच, त्यातून उरला तर माझ्यावर असावा.
आई