दाढेच्या लिंबाची गिटार

१० फेब्रुवारी
दाढेचा लिंब पाडला. रस्ता रुंद करायचा म्हणून खुणा केव्हाच्या करून ठेवल्या होत्या, आज मशीन आलं. जेवायला बसले होते, ताट तसंच ठेवून पळाले. फांद्या गेल्याच होत्या. बुंधा ट्रॅक्टरात चढवत होते, वीटभट्टीवर न्यायला. मी आडवी उभी राहिले. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "काय करता ताई ह्याचं?" म्हणाले, "गिटार." हसला. पण टाकला माझ्या दारात. त्याचाही भट्टीचा फेरा वाचला.

हे ऑफिसातून आले तर स्कूटर लावायला जागा नाही. "कडू कारलं तुपात तळलं…" एवढंच म्हणून आत गेले. पुढचं मला पाठ आहे.

११ फेब्रु.
लिहून ठेवते, म्हणजे मागं फिरता येणार नाही.

गेल्या वर्षी शिरीषाच्या लाकडाची गिटार केली. संभाजीनगरला जाऊन दाखवली. देशपांडे सरांनी क्लासच्या पोरांदेखत वाजवली आणि म्हणाले, "दिसायला गोड आहे हो, पण आवाज पोटातच राहतो. बाहेरचं लाकूड मागवा." गिटार शिकवणारे तिकडे पुष्कळ, पण सरांचा कान सगळे मानतात. मला ते लागलं. अजून लागतंय. गावातली झाडं भट्टीत घालायची आणि मी परदेशी फळीची वाट बघत बसायचं?

डिसेंबरात सरांचा कार्यक्रम असतो. त्यात ते माझी गिटार मांडीवर घेऊन बसले तर मी गिटार करणारी. नाहीतर आहेच, शाळांच्या पेट्यांचे भाते बदलत बसणं.

पाठ आणि कडा लिंबाच्या. गिटारची मान एका पाडलेल्या घराच्या सागवानी चौकटीतून. पुढची फळी एमआयडीसीत परदेशातून मशिनं ज्या लाकडी खोक्यातून येतात त्या खोक्याची. पांढरट, हलकं लाकूड, रेषा विंचरल्यासारख्या सरळ. सर म्हणाले ना बाहेरचं, घ्या बाहेरचं! भंगारातलं असलं म्हणून काय झालं.

१३ फेब्रु.
समोरच्या गंगाकाकू सकाळीच. बुंध्यावर हात फिरवत म्हणाल्या, "वैशाली, माझी दाढ हाय त्याच्यात."

सगळ्या गल्लीचीच आहे. दाढ ठणकायला लागली की खिळा दाढेला लावायचा आणि लिंबात ठोकायचा. कळ झाडाला जाते. म्हणून तर दाढेचा लिंब.

"खिळा काढायचा न्हाई. काढला की कळ माघारी येती. माझ्या सासूची आल्ती."

म्हणाले, बरं काकू. बरं म्हणायला काय जातं.

१८ फेब्रु.
जातं! सॉ मिलवाले रफीकभाई लोहचुंबक दोरीला बांधून बुंध्यावरून फिरवत होते, ते जागोजागी चिकटत होतं. "ताई, ये झाड नै, लोहार की दुकान है. पहले सब कीलां निकालो, मंग बात करू." ब्लेड तुटली तर कामगाराच्या अंगावर येते. त्यांचं बरोबर आहे.

२२ फेब्रु.
दारोदार फिरले, खिळे काढू का विचारत. मत मागायला आल्यासारखं वाटलं. बँकेतले कुलकर्णी म्हणाले, "खुशाल काढा. खिळा ठोकून भागलं न्हाई म्हणून मी दाढच काढून आल्तो. आता दुखायला काय राह्यलंय?" बाकीचेही हसून हो म्हणाले. काकू सोडून.

त्यांच्याकडे तीनदा गेले. शेवटी म्हणाल्या, "काढ. पण माझ्या हातात आणून दे. तहसिलीतल्या लिंबाला ठोकून येते. भुईला टेकू द्यायचा न्हाई, ध्यानात ठिव." त्यांचा खिळा ओळखू येण्यासारखा आहे. बैलाला नाल ठोकतात तो, चपटा. नवी नवरी असताना ठोकला होता म्हणे.

२८ फेब्रु.
खिळे निघाले. डबा भरला. प्रत्येक खिळ्याभोवती लाकूड काळंनिळं पडलेलं. काकूंचा मात्र नाही. साल सोलली, छिन्नीनं खोदलं, चुंबक पुन्हा फिरवलं. नाही.

काकूंना सांगितलं. त्यांनी डब्यातले खिळे चाळून बघितले. मग म्हणाल्या, "झाडानं गिळला. हाय तिथं हाय, बरं हाय."

५ मार्च
चिरून झालं. ब्लेड सुखरूप. रफीकभाईंनी एक पातळ फळी बोटानं वाजवून कानाला लावली. फळ्या माडीवर, मध्ये काड्या घालून, पंख्याखाली. आता वाळेपर्यंत हात लावायचा नाही. मला हे सगळ्यात अवघड जातं.

१९ ऑगस्ट
कडा वाकवताना पहिली जोडी चिरली. लिंबाचे धागे एकमेकांत गुंतलेले, एक इकडे ओढतो, एक तिकडे. गरम नळीवर थोडी घाई केली की कट्.

२३ ऑगस्ट
दुसरी जोडी पण. रडले. मग तोंड धुतलं आणि तिसरी भिजत घातली.

हे म्हणाले, "भाकर कडू लागून राह्यली." लिंबाचा भुसा पिठात, पाण्यात, उशीवर. मी म्हणाले, दात चांगले राहतील तुमचे.

३० ऑगस्ट
वाकली! ह्यांनी साच्याचे शिकंजे आवळले, मी नळीवर. हळूहळू, ओलं फडकं लावून, जशी ती वाकेल तशी. दोघं घामाघूम. हे साच्याकडे बघत म्हणाले, "बराबर आलंय की." लग्नानंतर माझ्या कामाला दिलेली पहिली शाबासकी. तारीख लिहून ठेवली आहे, नंतर नाकारायचे.

४ ऑक्टोबर
सापडला.

पाठीच्या दोन फळ्या परवा जोडल्या. आज रंधा मारून पातळ करत होते आणि पात्याखाली कर्र झालं. काळ्या डागाच्या मधोमध लोखंड. काकूंचा नालेचा खिळा, फळीच्या जाडीतच आडवा झोपलेला. करवत त्याच्या अंगालगत गेली आणि त्याला शिवली नाही.

काढायचा तर पाठ चिरावी लागेल. एवढी रुंद फळी दुसरी नाही, डिसेंबर तर दारात. ठेवायचा तर तो जरा जरी सैल असला तर प्रत्येक सुराला कुरकुर करणार. सरांचा कान! पहिल्याच तारेला कळेल.

आणि काकूंना शब्द दिलाय, हातात आणून देईन म्हणून. लाख भरून डाग बुजवला तर काकूंना काय कळणार आहे?

५ ऑक्टो.
मला कळेल ना. घेऊन गेले पाठ तशीच, साडीच्या पदराखाली.

काकूंनी चष्मा लावला. डागावर बोट ठेवलं. "हाच."
"काढू का? पाठ चिरावी लागंल."
"मंग तुझी गिटार?"
"ह्या साली न्हाई व्हायची."

काकू डागावरून बोट फिरवत राहिल्या. मी मनात म्हणत होते, नको म्हणा, नको म्हणा. शेवटी म्हणाल्या, "राहू दे." मी उठणार तर हात धरला. "पण वाजवताना त्याला हिसका बसंल ना गं?"

खोटं बोलता आलं नाही. म्हणाले, "बसंल काकू. प्रत्येक तारेला."

"मला आता ती कळ सोसायची न्हाई. तवा वय होतं."

पाठ त्यांच्या मांडीवर होती. त्यांनीच माझ्याकडे सरकवली. "कर तू. बघू."

९ ऑक्टो.
खिळ्याच्या दोन्ही अंगांनी डिंक मुरवला, वर लिंबाचाच भुसा चेपला, पुन्हा डिंक. बोटानं वाजवते. डागापाशी आणि डागापासून दूर. मला फरक ऐकू येत नाही. मला ऐकू यायचा नसेल म्हणूनही असेल.

काकू रोज विचारतात, "वाजली का?" मी विचारते, "दुखतंय का?" दोघी न्हाई म्हणतो.

२१ नोव्हेंबर
तारा चढवल्या. वाजवायचं धाडस होईना. ह्यांनीच अंगठ्यानं एक छेडली आणि घाबरून हात मागं घेतला. आवाज राहिला. राहिला, राहिला. कुरकुर ऐकली नाही. शिरीषाच्या गिटारीत नव्हतं असं काहीतरी आहे, पण मी आईच्या डोळ्यांनी बघतेय.

सरांना फोन केला. म्हणाले, रविवारी राजूरला गणपतीला जाणार आहे, परत येताना येतो.

काकूंना निरोप दिला. त्यांनी लवंग आणून ठेवली आहे, हाताशी असावी म्हणून.

रविवार
सर आले. ओसरीवर बसले. चहा बाजूला ठेवला. गिटार उलटी करून बघितली. "हा डाग?"

"समोरच्या काकूंची दाढ आहे ती." सगळं सांगितलं. हसतील वाटलं. हसले नाहीत. पुढच्या फळीला नख लावून म्हणाले, "आणि हे खोक्याचं? खरंच?"

मग वाजवायला लागले. आधी एकेक तार, सुटी, शेवटचा सूर विरेपर्यंत थांबून. कान लाकडाला लावून. खिळा शोधत होते, मला कळत होतं.  हे दाराच्या आड उभे.

जाड तार पुन्हा. पुन्हा. कपाळाला आठी. ती आठी चांगली की वाईट, मला ओळखता येत नाही. कार्यक्रमाचं काहीच बोलले नाहीत. मग डोळे मिटले आणि एक सबंध चीज वाजवायला घेतली.

काकू आपल्या दारातून उठून रस्ता ओलांडून आल्या, माझ्या पायरीवर टेकल्या. गालावर तळहात. मी वाकून हळूच विचारलं, "काकू, दुखून राह्यलंय का?"

हात गालावरच. माझ्याकडे बघितलंही नाही.

"थांब गं. ऐकू दे."