तीन चंद्रकोरींचा कागद

शिवाजी पेठ, कोल्हापूर
११ फेब्रुवारी २०२५

रुद्राप्पा,

रामराम. इकडं सगळं ठीक. निपाणीत वहिनी बऱ्या असतील. तू बराच असशील, तुला काय धाड भरलीय? तुझा फोन लागत नाही. मला ब्लॉक केलंयस, असं सूनबाई म्हणते. जुने कागद गोळा करत आपण चाळीस वर्षं गावोगाव हिंडलो आणि तू मला एका बटणात गप्प केलंस? म्हणून हे पत्र. अक्षर मोठं आलंय, त्यावर हसू नकोस.

घरात रंगकाम काढलंय, माझ्या ट्रंका गॅलरीत पडल्यात. सून, म्हणजे अनुजा, गुणाची आहे, पण कागदात तिला कवडीची अक्कल नाही. कुस्तीच्या मैदानांची हँडबिलं, शिशाचे खिळे जुळवून छापलेल्या लग्नपत्रिका, सगळं लॅमिनेट करून आणते म्हणाली! अरे, जुन्या छपाईवरनं बोट फिरवलं की अक्षराचा खोलगटपणा हाताला लागतो. प्लास्टिकखाली काय लागणार, कपाळ? मी ओरडलो.

मग तिनं एक कोरा कागद खिडकीशी धरला आणि विचारलं, "आप्पा, ह्यात तीन चंद्र कुणी काढल्यात?"

कुठला कागद ते तुला सांगायला नको. पोथीच्या शेवटचं ते जुनं कोरं पान, इटलीहून जहाजानं आलेलं, उजेडात धरलं की आत तीन चंद्रकोरी दिसणारं. त्या वॉटरमार्कचं चित्र उतरून घ्यायला तू महिनाभर नेलंस आणि आपल्या मंडळाच्या प्रदर्शनाच्या दिवशी परत दिलंस. दहा माणसांसमोर मी ते उजेडात धरलं, चंद्र काही दिसले नाहीत, आणि तुला म्हणलं, कागद बदललास. तू समोरचा चहासुद्धा न पिता एसटी स्टँडला गेलास.

मी अनुजाला सांगितलं, त्यात काही नाही, रुद्राप्पानं बदललेला कागद आहे तो. तिनं माझं बोट धरून एकेका चंद्रकोरीवर ठेवलं. मी तिचा हात झटकला, कागद घेऊन गच्चीवर गेलो, भर उन्हात धरला. पांढरं. नुसतं पांढरं. चष्मा पुसला, तरी तेच.

तिनं दुसऱ्याच दिवशी मला डॉक्टरकडं नेलं. काचबिंदू निघाला. उजवा डोळा गेल्यातच जमा आहे, डाव्यातलं जे गेलं ते परत येत नाही, उरलेलं थेंब घालून राखायचं. कधीपासून, म्हणून विचारलं. तो म्हणाला, तीनएक वर्षं तरी झाली असतील, दुखत नाही त्यामुळं कळत नाही. प्रदर्शनाला दोन वर्षं झाली, रुद्राप्पा. मी सारखा तेवढाच हिशेब करत बसलोय.

आणि ह्या तीन वर्षांत मी किती पानं उजेडात धरली, 'कोरं' म्हणून मागं पेन्सिलीनं लिहिलं आणि कुणाकुणाला वाटून टाकली, देव जाणे. स्वतःच्या हातानं! आणि अक्कल काढतोय सुनेची.

परवा रविवारी आपल्या मंडळाच्या बैठकीला गेलतो. उभा राहिलो आणि म्हणालो, "रुद्राप्पानं कागद बदलला नव्हता. मला दिसत नव्हतं. मी त्याच्यावर खोटा आळ घेतला." तर ही मंडळी म्हणतात कशी, जाऊ द्या आप्पा, वयानं होतं असं. म्हणजे तुझी अब्रू गेली ती जाऊ द्या? दोन वर्षं एकानंही तुला बोलावलं नाही, ते माझ्या शब्दावर. मी तिथंच तणतणलो. शेवटी वहीत लिहून घ्यायला लावलं, तुझ्या नावासकट.

मंडळाला हे सांगणं सोपं गेलं. तुला लिहायला दोन दिवस लागले. कागद खरा की खोटा, हे ठरवायच्या आधी मी तुझ्याकडं बघायला हवं होतं. तू तसा माणूस नाहीस, हे मला डोळे नसतानाही दिसायला पाहिजे होतं. चुकलो.

माफ कर असं म्हणत नाही, ते तुझं तू बघ. पण शिव्या पत्रातनं पाठवू नकोस, मला वाचता येतील का ठाऊक नाही आणि सुनेकडनं वाचून घ्यायला बरं दिसत नाही. इथं येऊन, दारात उभा राहून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा दे. मी तुला चारचौघांत बोललो होतो. आणि यायचं असेल तर लवकर ये. डाव्या डोळ्यानं अजून माणसाचं तोंड ओळखू येतं, आणि मला तुझं बघायचं आहे.

तुला चोर म्हणालेला,
आकाराम