चकचकीत बाजू बबूनकडे

सोमवार, २ ऑगस्ट. सकाळ.
आजपासून रोजचं रोज लिहायचं. म्हणजे मी सांगायचं आणि मुकामीने लिहायचं. मुकामी माझी सून, माझ्या मुगोची बायको. तिचं अक्षर सुंदर आहे म्हणतात; मला सगळी मुंग्यांची रांगच दिसते. हे कुणी वाचायचं नाही. मला तर येतच नाही, आणि मुकामीला सांगून ठेवलंय, लिहून झालं की विसरायचं. ती म्हणाली, बरं शोशो. गावात आजीला शोशो म्हणतात. सून जेव्हा बरं म्हणते तेव्हा तिच्या मनात दुसरंच काही असतं.

कामाचं आधी. कड्याखालचं पहिलं शेत माझं. बबून माकडांची टोळी खाली उतरली की पहिला घास माझ्या मक्याचा. म्हणून या महिन्याच्या बैठकीत पहिला शब्दही माझाच. जंगली जनावरांच्या खात्याच्या चेरोनो मॅडम येणार आहेत. चोरीचा फोटो दिसला आणि शेतवाल्यांनी हो म्हटलं, तर टोळीवर बंदुका येतील. शेजारच्या न्जोगूने मला विचारलं, तू हो म्हणशील ना. मी म्हटलं, माझ्याइतकी दगडाच्या काळजाची बाई गिलगिल गावात शोधून दाखव.

मंगळवार, ३ ऑगस्ट.
बबून बाईला भीत नाहीत. मी ओरडले तर टोळीचा हुप्प्या माझ्याकडे पाठ करून बसतो आणि कणीस सोलतो, सणाला आलेल्या जावयासारखा. म्हणून आमच्याकडच्या सगळ्याच बायका राखणीला नवऱ्याचे कपडे घालतात. मीही मुगोच्या बाबांची पॅन्ट, कोट आणि हॅट चढवली. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली, अव्होकाडोच्या झाडाखाली पुरलेत. कोट अजून धडधाकट आहे. माणसापेक्षा शिवण पक्की.

मुगोने नाकुरू शहरातून फोन पाठवलाय. बाजूचं बटण दाबलं की फोटो. सकाळी मुकामी कॅमेरा उघडून देते. बाकी सगळं मला समजतं. चकचकीत बाजू म्हणजे डोळा, ती बबूनकडे. मागची काळी बाजू आपल्याकडे. मुकामी काहीतरी सांगायला लागली. मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याला मी जन्म दिलाय, तो फोन मला कळेल.

गुरुवार, ५ ऑगस्ट.
पुष्कळ फोटो काढले. हुप्प्या कणीस तोडताना, खाताना, अर्धं टाकून दुसरं तोडताना. पुरावा भक्कम. मुकामीने बघू का विचारलं. नाही म्हटलं. पुराव्याला नजर लागते. सरळ बैठकीत उघडायचं.

टोळीत एक फाटक्या कानाची आहे. पोटाशी इवलंसं पोर, गुलाबी कानाचं. कणीस आधी त्याला हुंगायला देते, मग आपण खाते. चोरी शिकवते, दुसरं काय. मी तिच्याकडे जास्त वेळ बघत होते असं मुकामी म्हणते. पुरावा गोळा करायचा तर बघावंच लागतं.

शनिवार, ७ ऑगस्ट. दुपार.
आज दगड मारला. फाटक्या कानाची कुंपणाच्या खांबावर चढली होती. कोटाचा खिसा दगडांनी जड झाला होता, एक काढला आणि फेकला. ती खाली पडली, पलीकडच्या बाजूला. मग उठून गेली.
दगड लागला नाही. जवळून गेला.
मुकामीने विचारलं, पोर कुठे होतं. पोटाशी होतं, नेहमी असतं तिथेच. लिही पुढे. पुढे काही नाही.

रविवार, ८ ऑगस्ट.
चर्चमध्ये गेले. पाद्रीबाबा मुक्या प्राण्यांवर बोलले. मेंढ्यांबद्दल बोलत होते, बबूनांचा काही संबंध नव्हता. तरी फार लांबवलं त्यांनी.

सोमवार, ९ ऑगस्ट.
पोर झोपलेलं आहे. फाटक्या कानाची त्याला एका हाताने धरून चालते, डोकं लोंबतं. झोपेत मुलांचं डोकं लोंबतंच. मुगोचंही लोंबायचं.

बुधवार, ११ ऑगस्ट.
ताप आला असणार. या दिवसांत कड्यावर थंडी फार. नाहीतर बिबट्याने धरून सोडलं असेल. न्जोगू म्हणाला, बिबट्या धरलेलं सोडत नाही. त्याला काय कळतं, त्याच्याकडून दोन कोंबड्या सांभाळल्या जात नाहीत.

आज काही कणसं कुंपणाबाहेर टाकली. कीड लागली होती. मुकामीने एक उचलून सोललं आणि म्हणाली, यात कीड कुठाय. आतून लागली होती. सगळी कीड वरून दिसत नसते.

फाटक्या कानाचीने कणीस उचललं. आधी पोराच्या नाकाशी धरलं. थोडा वेळ तसंच धरलं. मग खाली ठेवलं, खाल्लं नाही.
मका-घेवड्याची गिथेरी उरली आज. मका नीट शिजला नव्हता.

शुक्रवार, १३ ऑगस्ट.
पोराला वास यायला लागलाय. टोळी पुढे निघून जाते, ही मागे राहते. बसते, त्याच्या अंगावरच्या माशा हाकते, केस विंचरल्यासारखे करते. आज मी अगदी जवळ गेले. ती पळाली नाही. कोट, पॅन्ट, हॅट, सगळं असून पळाली नाही. तिने वर बघितलं. मी चकचकीत बाजू तिच्याकडे धरली आणि बटण दाबलं.
मला काहीही वाटलं नाही, हे नोंदवून ठेव. कामाचा फोटो होता. डोळ्यांत पाणी होतं ते चुलीच्या धुराचं. मुकामी म्हणते, शेतात चूल कुठाय. वारा घरातून धूर आणतो. तू लिही.

मंगळवार, १७ ऑगस्ट. बैठक झाली.
चीफच्या कचेरीसमोर सगळे बाकांवर बसले होते. मी फोन चेरोनो मॅडमच्या हाती दिला आणि मोठ्याने म्हटलं, एकेक करून नीट बघा, चोराचा चेहरा स्वच्छ आला आहे. मॅडमने बघितलं आणि फोन पुढे दिला. पहिल्या बाकावर हसू फुटलं. मग दुसऱ्या. न्जोगू तर बाकावरून घसरला. म्हणाला, हा चोर आम्ही लहानपणापासून ओळखतो.

सगळ्या फोटोंत मी होते. माझी हनुवटी. माझ्या नाकपुड्या. हॅट. एका ठिकाणी तोंड उघडं, मी हुप्प्याला शिव्या देत होते तेव्हाचं. डोळा म्हणे काळ्या बाजूला असतो. मुकामी म्हणते, तेच सांगत होते. मीही हसले. हसण्यावारी नेलं की निभतं.

मग शेवटचा फोटो आला. न्जोगूच्या हातात फोन होता. त्याने तो पुढे दिला नाही, मॅडमना परत दिला. कुणी हसलं नाही. मॅडम नव्या आहेत, त्यांनी माझ्या अंगावरच्या झग्याकडे बघितलं, मग फोटोतल्या हॅटकडे.
"हे आजोबा कोण? एवढे का रडतायत?"
मी म्हटलं, "मुगोचे बाबा. फार हळवे आहेत."
अव्होकाडोचं झाड तिथून दिसतं. गावातल्या निम्म्या लोकांनी त्या खड्ड्यावर माती टाकलीय. कुणी तोंड उघडलं नाही. न्जोगूनेही नाही, आणि त्याला गप्प बसणं जमत नाही.
मॅडम म्हणाल्या, पहिलं शेत तुमचं. टोळी मारावी की नाही, आजोबांचं काय म्हणणं आहे?
"ते म्हणतात, राहू द्या."

मॅडमनी तसं सांगून टाकलं. बंदुका येणार नाहीत. राखण आहे तशीच. परतताना न्जोगू माझ्या बरोबरीने चालत होता. म्हणाला, बाबांना सांग, उद्या अर्धा दिवस मी बसतो राखणीला. मी म्हटलं, सांगते.

माझं स्वतःचं मत वेगळं होतं. हे लिहून ठेव. मी हो म्हणणार होते. पण नवऱ्याचा शब्द कसा मोडायचा.

फाटक्या कानाची आज पोराशिवाय दिसली. हात मोकळे. मोकळ्या हातांचं काय करावं हे तिला कळत नव्हतं.

उद्या सकाळी राखणीला जाणार. कोट घालणार. खिशातले दगड काढून ठेवलेत. त्यांच्या वजनाने खांदा दुखतो.
मुकामी विचारते, कुठला खांदा. कुठलाही लिही.