नव्या सर्व्हरने बाईंना ओळखलं नाही

तीर्थरूप मामा,

तुम्हाला आणि मामींना मनापासून नमस्कार. गुडघा कसा आहे? (जिना चढू नका असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणजे तुम्ही चढतच असणार.) मी इकडे खुशाल, निदान दिसतो तरी तसा.

निवृत्त होताना तुम्ही बियाणे संग्रहालयातला तुमचा सर्व्हर माझ्या हवाली केला होता, तो अखेर बदलायचा हुकूम आला. रविवारी मी चाळीस जणांचे फोल्डर नव्या सर्व्हरवर उतरवले आणि शीळ घालत घरी गेलो. सोमवारी सकाळी बघतो तर सगळ्यांच्या संगणकाचा पडदा कोरा! फोल्डर आले होते, पण कोणता कोणाचा हे फक्त जुन्या सर्व्हरला ठाऊक. नवा प्रत्येकाला नाव विचारून आत घ्यायचा आणि त्याच्याच फोल्डरपाशी अडवायचा. घाबरून मी सगळ्या फोल्डरांची मालकी माझ्या नावावर केली. (हसू नका.) मग तर ते माझ्याशिवाय कुणालाच उघडेनात.

यादीवाल्या बाई आठवतात ना? एकोणीस वर्षं जमवलेली त्यांची बियांची यादी त्यातच होती, आणि शुक्रवारी त्या निवृत्त होणार होत्या. पर्स मांडीवर घेऊन त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "तू तुझ्या गतीने कर. फक्त यादी गेली असेल तर आत्ताच सांग, म्हणजे मी रडून मोकळी होते."

त्यानंतर मी चहालाही उठलो नाही. एकेक फोल्डर ज्याचा त्याला हक्कांसकट परत करत गेलो. (घाईत स्वागतकक्षातल्या ताईंचा फोल्डर संचालकांकडे गेला. त्यात 'साहेबांचा आजचा पारा' अशी रोजची नोंद होती, ती त्यांनी मन लावून वाचली. तेव्हापासून ते सगळ्यांशी हसून बोलतात.) बाईंचा फोल्डर मी मुद्दाम शेवटी ठेवला, बाकीच्यांवर हात बसल्यावरच त्याला लावायचा होता. चारच्या सुमारास यादी उघडली, शेवटच्या ओळीपर्यंत शाबूत. बाईंनी चष्मा पुसला, माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाल्या, "तुझ्या मामानेही मला असाच घाम फोडला होता. पण त्याला दोन दिवस लागले होते."

तुमचा लाडका (असं मीच म्हणतो) भाचा

ता. क. मामा, तुमचाही फोल्डर सापडला. 'अत्यंत गोपनीय'मध्ये मामींवर केलेल्या सव्वीस कविता आहेत, एकही त्यांना न दिलेली. सगळ्या छापून पाकिटात घातल्यात. पाकिटावर नाव मामींचं.

ता. क. २. सगळ्यांचं परत आलं, सर्व्हरवरचं माझं स्वतःचं खातंच तेवढं गेलं. म्हणून हे पत्र हाताने. संचालकांनी चारचौघांत माझं कौतुक करून ठेवलंय, त्यामुळे इथे तोंड उघडायची सोय नाही. येत्या सोमवारी सहज भेटायला आल्यासारखे येऊन ते शोधून द्याल का? पाकीट अजून टपालात टाकलेलं नाही.