क्षची जागा

समता कॉलोनी, रायपूर
११ जून २०२४

ती. यशवंतदादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ओरडून बोललं तर सगळ्या गल्लीला कळतं, म्हणून पत्र. तुझं बीजगणिताचं पुस्तक मी स्वतः टाइप करून स्वतः पानं लावते आहे. त्या टायपिंगच्या दुकानदारानं वर्गमुळाच्या चिन्हाला बरोबरची खूण समजून जे काही छापून दिलं होतं, ते पाहिल्यावर दुसऱ्या कोणावर विश्वास टाकायची माझी तयारी नाही. निवृत्त बाईनं दुसरं करावं तरी काय? भजनी मंडळात मला कोणी घेत नाही. मी त्यांचे उच्चार सुधारते म्हणे.

तुझी नात अनुश्री रविवारी नव्या रायपुरातून येते आणि शिकवते. मी मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देते. आत्याआजी, आप टेन्शन मत लो, हे तिचं पालुपद. या सॉफ्टवेअरला गणितासाठी वेगळा फॉन्ट द्यावा लागतो. अपूर्णांकाची रेघ, वाढत जाणारा कंस, लांबणारं मुळाचं चिन्ह, हे साध्या फॉन्टात नसतंच. तिनं तो बसवून दिला आणि पहिलं समीकरण पडद्यावर आलं तेव्हा, खरं सांगते, मला टाळी वाजवावीशी वाटली.

पण तुझा क्ष आणि तुझा य कुठेच नाहीत! जिथे ते हवेत तिथे नुसती रिकामी जागा. गणिताच्या फॉन्टात आपली अक्षरं नाहीत. यंत्र त्याची तक्रारही करत नाही, चूकही दाखवत नाही. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर्ससुद्धा इतक्या गुपचूप कोणाला वर्गाबाहेर काढत नसत. तेव्हा मी सगळीकडे एक्स आणि वाय घालते आहे. हल्ली मराठी शाळांतही तेच चालतं.

वहिनींना नमस्कार. डोळ्यांचं काय म्हणाले डॉक्टर? खरं ते कळव.

तुझी रागीट बहीण, पण बहीणच समजून असावंस,
मंदाकिनी


गोंदिया
१९ जून २०२४

चि. मंदाकिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. भजनी मंडळानं स्वतःचा जीव वाचवला, त्यांचं अभिनंदन.

डोळ्यांचं खरं ते असं. दाराची चौकट मला मधोमध वाकलेली दिसते. जन्मभर पोरांना सरळ रेषा शिकवली, आता माझीच रेषा सरळ राहिली नाही. डॉक्टर डोळ्यांत सुया देतात, पण दिवाळीपर्यंत छापील अक्षर वाचता येईलच असं ते म्हणत नाहीत. म्हणून पुस्तकाची घाई. एकदा माझ्या डोळ्यांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं आहे, मग खुशाल जाऊ देत.

आता क्षबद्दल. रेल्वेच्या शाळेत गँगमनांची पोरं यायची. मुळाक्षरांच्या शेवटी बसलेलं ते गाठीचं अक्षर त्यांना सगळ्यांत अवघड वाटायचं. मी सांगायचो, घाबरू नका, याच्या पोटात एक आकडा लपला आहे, तो बाहेर काढा. मग ती पोरं क्षच्या मागेच लागायची. एक्स तर त्यांनी पाहिलेलाच नव्हता, त्याची भीती काढणार कशी? पुस्तक त्याच पोरांसाठी लिहिलं आहे.

तरी यंत्रात सोय नाहीच असेल तर एक्स घाल. तू नीट पाहून सांग. तू नाही म्हणालीस तर नाही.

इंदूचा नमस्कार. आमच्यावर रागावण्याइतकी माया ठेव.
यशवंत


समता कॉलोनी, रायपूर
२७ जून २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

नाहीच. पाहिलं, सोय नाही.

अनुश्री काहीबाही सांगत होती, पण या पोरी एका हातानं मोबाइल दाबत दुसऱ्या हातानं शिकवतात, त्यातलं किती धरायचं? एक्स घातला की पान कसं स्वच्छ दिसतं, तूच बघ. आतल्या पानावर मांडणी म्हणून माझं नाव आहे. माझ्या शाळेतल्या जुन्या सहकारी ते उघडून बघतील, त्यांना बघवेल असं हवं ना.

सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून वारा आला की कीबोर्डावर काळी पूड बसते. ती पुसत पुसत हे काम चाललं आहे. मोठ्या टाइपात काढलेली सगळी पानं सोबत पाठवते. वाच आणि चुका काढ.

कामाच्या धबडग्यात आहे, तरी आठवण धरावी.
मंदाकिनी


गोंदिया
२२ जुलै २०२४

मंदाताईंना,
इंदूवहिनीचा आशीर्वाद.

मले पत्र लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या. यांना न सांगता लिहून राहिली आहे.

पानं आली त्या दिवशी हे भिंग घेऊन बसले. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग गठ्ठा कपाटावर ठेवला. मी म्हटलं, काहून ठेवलं? तर म्हणाले, डोळे दुखतात. दुसऱ्या दिवशी यांचे जुने विद्यार्थी श्यामराव आले, त्यांना वाचायला लावलं. श्यामराव एक्स वाचत आणि हे दर वेळी हळूच क्ष म्हणत. श्यामरावांच्या ध्यानातही आलं नाही. शेवटी हे म्हणाले, मंदीनं मेहनत केली आहे, छापून टाका.

काल अनुश्रीचा फोन आला. विचारे, दादी, क्ष लग गया क्या, मैंने तो आत्याआजी को उसी दिन करके दिखा दिया था. मी हव म्हटलं आणि ठेवला.

यांना मी सांगितलं नाही. सांगायचं तर तुम्हीच सांगा. आणि लवकर सांगा ताई, भिंगातूनही आता मोठं अक्षर तेवढं दिसते.

राग मानू नका, मानला तर दोन दिवस मानून सोडा.
इंदू


समता कॉलोनी, रायपूर
३० ऑगस्ट २०२४

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी खोटं बोलले. सोय होती. फाइलीच्या वर दोन ओळी लिहायच्या, की समीकरणाच्या आत तेवढं अक्षर मराठी फॉन्टातून येतं. अनुश्रीनं माझ्यासमोर करून दाखवलं, पडद्यावर क्ष उमटला, आणि मी तिला म्हटलं, राहू दे, गावंढळ दिसतो. हा शब्द मी तुझ्या अक्षराबद्दल वापरला. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून रविवारी ती आली की मी स्वयंपाकघरातच जास्त असते.

तू सोय आहे का म्हणून विचारलंस, वर मी म्हणेन ते मानीन असंही लिहिलंस. त्यानंतर खोटं बोलायला वेगळीच हिंमत लागते. ती माझ्याकडे भरपूर निघाली.

वहिनींचं पत्र आल्यापासून दुरुस्तीला बसले. सगळ्या एक्सच्या जागी एकदम क्ष घाल, असं यंत्राला सांगितलं. त्यानं ऐकलं. त्याच्या स्वतःच्या हुकमांच्या पोटात जिथे जिथे एक्स होता तिथेही क्ष कोंबला आणि मग किंचाळायला लागला, चुकांनी पडदा भरला. क्षला हाकललं तेव्हा चकार शब्द नाही, परत आणला तर हा गोंधळ! मग एकेक एक्स आणि एकेक वाय हातानं बदलला. त्यासाठी प्रत्येक ओळ वाचावी लागली. दादा, तोवर मी पुस्तक नुसतं टाइप केलं होतं, वाचलं नव्हतं. त्यात तुझा आवाज आहे, आणि त्या आवाजात एक्स कुठे बसतच नाही.

एवढ्यात महिना गेला. तुझ्या डोळ्यांचा महिना. त्यावर काही हुकूम चालत नाही.

सोबत नवीन पुस्तक आहे. आणि एक सुटं पान, त्यावर फक्त एक क्ष, कागदभर मोठा.

माया मागायचं तोंड नाही. उरली असेल तर राहू दे.
मंदा


गोंदिया
९ सप्टेंबर २०२४

चि. मंदास,
अनेक आशीर्वाद.

मी सांगतो आहे आणि इंदू लिहिते आहे, तेव्हा अक्षर तिचं.

मला तेव्हाच कळलं होतं. पोस्टमास्तरनं नाही म्हटलं तर तासभर त्याच्याशी भांडणारी बाई यंत्राचं नाही एका आठवड्यात ऐकते? दोन शब्दांत उत्तर पाठवते? मी विचारलं नाही, कारण मग तुला दुसऱ्यांदा खोटं बोलावं लागलं असतं.

पुस्तक आलं. मला ते वाचता येत नाही. हे मी गोड करून सांगत नाही, तुलाही ते आवडणार नाही.

सुट्या पानाची मात्र गंमत झाली. ते समोर धरलं आणि सरळ पाहिलं, तर कागदाच्या कडा दिसल्या आणि मध्ये नुसती रिकामी जागा. तुझ्या यंत्रात व्हायची तशीच. कोणी ओरडत नाही, अक्षर गुपचूप नाहीसं होतं. मग मान वळवून बाजूला, खिडकीकडे पाहिलं, तर डोळ्याच्या कोपऱ्यात क्ष उभा होता. गाठीसकट, शेपटीसकट.

पण आख्खं पुस्तक असं खिडकीकडे बघत वाचता येत नाही. ते तू वाचून दाखवायचं. रायपूरहून गोंदिया काही लांब नाही. येताना तुझ्या कॉन्व्हेंटच्या जिभेला सांगून ये, पुस्तकात जितके क्ष आहेत तितके मोठ्यानं म्हणावे लागतील, मला कमी ऐकू येतं. गल्लीला कळलं तर कळू दे.

वाट पाहतो, ती तेवढी गृहीत धर.
यशवंत

ता. क. मंदाताई, हे सांगून झाल्यावरही खिडकीकडे तोंड करून बसले आहेत. कागद हातातून सोडून नाही राहिले. शनिवारी या. — इंदू